दलालाच्या नकाराचें मोल

‘दलाल’ हा शब्द मूळचा अरबी. त्याच्या धात्वर्थांत वाट दाखविण्याची कल्पना आहे. आपल्या भाषेंत मात्र तो निंदाव्यंजक होऊन बसला आहे. ज्याच्या मागोमाग आपण नव्या घराच्या दारापर्यंत जातों, त्याच्याविषयीं मनांत एवढा अनादर कां असावा, व त्या अनादरास केवळ तोच कारण आहे काय, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दलालावरील आक्षेप सर्वश्रुत आहे. व्यवहार जुळला तर त्यास शेंकडा एक-दोन रुपये मिळतात. मोडला तर कांहींच मिळत नाहीं. यास्तव जागा चांगली असण्यापेक्षां ती विकली जाण्यांतच त्याचें हित असतें. कित्येकदां तो घेणारा व देणारा या दोघांकडूनही मोबदला घेतो. मग तो कोणाचा माणूस, हें ब्रह्मदेवासही सांगतां येऊं नये! कायदा याविषयीं उदासीन नाहीं. प्रतिनिधीनें मालकाच्या नकळत त्याच्याच कामांत स्वतःसाठीं सौदा करून नफा मिळविल्यास त्या नफ्यावर मालकास हक्क सांगतां येतो, असें 1872 चा करारविषयक कायदा म्हणतो. 2016 च्या रेरा कायद्यानें दलालांवर नोंदणीची सक्ती केली. महाराष्ट्रांत 2023 मध्यें परीक्षा व प्रमाणपत्र यांचाही नियम झाला. दलालाच्या सचोटीची अशी तजवीज झाली. परंतु पैसा गुंतविणाऱ्याच्या सचोटीचें काय?

येथें आमचीच एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं साठविलेली रक्कम जमिनींत गुंतवावी असें आमच्या मनांत आलें. पुण्याजवळचा एक तुकडा पसंत पडला. भावही ठरत आला. दलालानें सात-बाराचा उतारा पाहिला. ‘इतर हक्क’ या रकान्यांत विकणाऱ्याच्या बहिणींचीं नांवें होतीं. बहिणींनीं तोंडीं हक्क सोडला आहे, असें विकणारा म्हणे. दलाल आम्हांस बाजूला घेऊन म्हणाला, “सर, त्यांच्या सह्या झाल्याशिवाय या जागेला हात लावूं नका.” आम्हीं सौदा सोडला, त्याचे आभार मानिले, चहा पाजिला, आणि एक पैही न देतां निरोप दिला. पुढल्या वर्षीं दुसऱ्याच दलालामार्फत जागा घेतली!

कायदा आमच्याच बाजूचा होता. निराळा करार नसेल तर काम पुरें झाल्यावांचून प्रतिनिधीचा मेहनताना देय होत नाहीं, असें त्याच 1872 च्या कायद्यांत आहे. पण वकिलानें “घेऊं नका” म्हटलें तरी त्याची फी आपण देतों. शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्या डॉक्टरासही विन्मुख पाठवीत नाहीं. दलालाच्या मात्र ‘हो’ला मोल आणि ‘नाहीं’ फुकट! मग आपल्या कानीं सदैव ‘हो’च पडतें, याबद्दल तक्रार कोणत्या तोंडानें करावी?

कोणी म्हणेल, नकाराचे पैसे मिळूं लागले तर दलाल घरीं बसून नकारच विकील. शंका रास्त आहे. म्हणून मोबदला नकाराचा नव्हे, श्रमाचा ठरवावा: कागद पाहण्याची व जागा दाखविण्याची माफक रक्कम आरंभींच लिहून ठेवावी, आणि व्यवहार झाल्यास ती दलालींतून वजा करावी. आपण कोणाकडून काय घेणार, हें दलालानें प्रथमच सांगावें. आपणही आपली खरी ऐपत त्याच्यापासून चोरूं नये, व त्यानें दाखविलेल्या मालकास त्याच्या पाठीमागें गांठूं नये.

विश्वास हा सौद्याच्या अखेरीस मिळणारा नफा नव्हे. तें आरंभींच घालावयाचें भांडवल आहे, आणि ज्याच्या हातीं पैसा आहे त्यानें तें आधीं घालावें हें न्याय्य होय. तो दलाल मध्यंतरीं रस्त्यांत भेटला. “सर, जागा मिळाली ना?” एवढेंच त्यानें विचारलें. त्याच्या स्वरांत रोष नव्हता. उत्तर देतांना मान आमचीच खालीं गेली.