नळ कोण सोडणार?

कंपन्या, महाविद्यालयं आणि मोठ्या शाळांमधून हल्ली ‘विविधता आणि समावेशन’ या विषयावर प्रशिक्षणं होतात. बाहेरून तज्ज्ञ येतात, पडद्यावर चित्रं दिसतात, एक-दोन खेळ होतात, शेवटी सामूहिक फोटो आणि प्रमाणपत्र. मी याची टिंगल करणार नाही. ‘आमच्याकडे असला भेदभाव नाहीच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या चार साहेबांना तासभर गप्प बसून ऐकावं लागतं, हेही थोडं नाही. मला वेगळीच शंका येते. त्या तासाला खुर्चीवर कोण बसलेलं असतं, आणि मधल्या सुट्टीत चहाचा ट्रे घेऊन कोण फिरत असतं?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव रजिस्टरला चढलं. हा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो, त्या रजिस्टरचं कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, तेही वाचायला हवं. बसायला घरून आणलेलं गोणपाट. संध्याकाळी ते परत घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. तहान लागली तरी नळाला शिवायचं नाही. मास्तरांना विचारायचं, मग शिपायानं तोटी सोडायची. शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही. नाव रजिस्टरात होतं, सरकारची ना नव्हती. तरी मुलाच्या घशाखाली पाणी उतरणार की नाही, हे त्या दिवशी शिपाई कुठं आहे यावर ठरत होतं.

भेदभाव असा रोजच्या कामाच्या वाटणीत मुरलेला असतो. मन बदला, असं सांगून तो निघत नाही.

हे ज्याला नेमकं उमगलं होतं तो माणूसही याच मातीतला. भाऊराव पाटलांचं घराणं सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. कोल्हापुरात जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच आत या, असं फर्मान निघालं. भाऊरावांनी आंघोळ केली नाही, आणि बोर्डिंग सुटलं. पुढं १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्माच्या मुलांचं बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजी तिथं आले, आणि श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव त्याला मिळालं.

भाऊराव बोलायला काही कमी नव्हते. पण बोर्डिंगात पोरांना घडवलं ते कामानं. एकानं पाणी भरायचं, दुसऱ्यानं भाकऱ्या थापायच्या, तिसऱ्यानं झाडायचं, आणि जेवायला सगळ्यांनी एकाच पंगतीत बसायचं. महाराच्या पोरानं थापलेली भाकरी मराठ्याच्या पोराच्या ताटात पडली की व्याख्यानाला उरतंच काय? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या. त्यांनी या पोरांना पोटच्या लेकरांसारखं सांभाळलं. दाणागोटा संपला तेव्हा अंगावरचं सोनं काढून दिलं, मंगळसूत्रसुद्धा. त्या १९३० मध्ये गेल्या. ‘वहिनी’ कुठल्या कार्यशाळेला गेल्या नव्हत्या. कोठी रिकामी आणि पोरं उपाशी, एवढं त्यांना पुरलं.

कुणी म्हणेल, वसतिगृहाचं सोपं असतं, चोवीस तास एकत्र राहणं असतं. कार्यालयात आठ तासांत काय होणार? खरं आहे. पण त्याच आठ तासांत डबा उघडतो, पाण्याचा पेला हातात येतो, मीटिंगमध्ये खुर्ची मिळते किंवा भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. शिकायला एवढं भरपूर आहे.

आता शाळेकडं वळू. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. फडाशेजारी कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच तोडीला जातात. पोरं मागं राहतात, नाहीतर धाकट्या भावंडाला सांभाळत फडातच बसतात. त्यातलं एखादं जवळच्या शाळेत आलंच, तर त्याच्या बोलीवर वर्ग हसतो, आणि चार महिन्यांनी ते निघून गेल्यावर कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही. या पट्ट्यातल्या शाळेत समावेशनावर बोलायचं तर पहिला धडा याच पोराचा हवा. न्यूयॉर्कची उदाहरणं नंतर बघू. त्याला कुणाशेजारी बसवायचं, त्याचं पुस्तक कुठून येणार, मार्चमध्ये तो गावी परतला की तिथल्या मास्तरांना कोण कळवणार, याची उत्तरं मुख्याध्यापकांनी फळ्यावर लिहावीत.

कार्यालयांसाठी तर कायदाच उभा आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती आणि जागृतीचे कार्यक्रम बंधनकारक केले आहेत. त्यात ‘कर्मचारी’ म्हणजे फक्त पगारपत्रकावरची माणसं नव्हेत. कंत्राटी, रोजंदारीवरच्या, शिकाऊ, बिनपगारी बायाही त्यात येतात. सकाळी सातला येऊन फरशी पुसून जाणारी बाईसुद्धा येते. तिचं काम साहेब येण्याआधी उरकतं, आणि प्रशिक्षण ठेवलेलं असतं अकराला.

तेव्हा तुमच्याकडं पुढच्या सत्राची नोटीस लागली की हजेरीचा कागद मागून घ्या. सफाईवाल्या बाईचं, शिपायाचं, कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्याचं, गेटवरच्या रखवालदाराचं नाव त्यावर आहे का बघा. नसेल तर सत्राची वेळ बदलायला सांगा, त्या वेळेचा रोज कापू नका म्हणून सांगा, आणि त्या दिवशी चहा साहेबांनी वाटावा असंही सुचवा.