जपून ठेवलेला गुडघा

जपणे म्हणजे न वापरणे, अशी आम्हा मध्यमवर्गीयांची ठाम समजूत. चांगल्या कपबश्या कपाटात, चहा मात्र कान तुटलेल्या कपातून! त्याच न्यायाने झिजू लागलेला गुडघा आरामखुर्चीत. पण गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. पाऊल टेकलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की सांध्यातल्या वंगणातून पोषण शोषून घेते. चाललं नाही, तर बिचारी उपाशी! तेव्हा सपाट रस्त्याने, सोसेल तेवढंच, पण रोज चालावं. ठणका दुसऱ्या दिवशीही राहिला, तर थोडं कमी.

मग जपणं म्हणजे नेमकं काय? मनात 'जपून ठेवलेल्या' एका जुन्या मित्राकडे मी हल्ली चालतच जातो. गुडघा कुरकुरतो, मित्रही कुरकुरतो. पण दोघेही अजून माझेच आहेत, एवढं त्यातून कळतं.