राखीव जागा आणि मोकळी चार वर्षं

ऑगस्टमधल्या एका रविवारी एडिसनहून एक कुटुंब आमच्याकडे जेवायला आलं होतं. मुलगी सतरा वर्षांची, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात जाणारी. ताटं उचलली गेली तसा वडिलांनी टेबलावर लॅपटॉप उघडला. बावीस ओळींचा तक्ता होता. कॉलेजचं नाव, एकूण वर्षं, एमकॅट द्यावी लागते की नाही, किमान जीपीए, वर्षाची फी. सहा आणि सात वर्षांत संपणारे अभ्यासक्रम त्यांनी हिरव्या रंगात रंगवले होते. "ताई, तुम्ही इतकी वर्षं इथे डॉक्टरकी करताय. आठ वर्षांचं काम सहा-सात वर्षांत होत असेल आणि वर जागेची हमी मिळत असेल, तर नाही कशाला म्हणायचं?" मुलगी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून तक्त्याकडे बघत होती.

त्या रात्री माझं उत्तर अर्धवट राहिलं. ते नीट मांडावंसं वाटलं, कारण अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत दर वर्षी हाच तक्ता तयार होतो आणि त्यात मला एक रकाना नेहमी कमी दिसतो.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. चार वर्षं कुठल्याही विषयात पदवी घ्यायची. 'प्रीमेड' ही पदवी नव्हे, ती एक वाट आहे: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह पुरे करायचे, रुग्णालयात काम केल्याचं दाखवायचं, मग साधारण साडेसात तासांची एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि देशभरच्या कॉलेजांना अर्ज करायचे. २०२३ मध्ये एमडीसाठी (इथली ही मूळ मेडिकल पदवी) अर्ज करणारे बावन्न हजारांवर होते आणि प्रवेश मिळाला सुमारे तेवीस हजारांना. पुढे चार वर्षं मेडिकल, त्यानंतर विषयाप्रमाणे तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. या वाटेला समांतर असते ती बीएस-एमडीची वाट. हायस्कूलमधूनच मुलाची निवड होते आणि ठरलेले गुण राखले तर मेडिकलची जागा त्याच्यासाठी ठेवलेली असते. आम्ही इथे आलेले बहुतेक जण नीट किंवा तिच्या आधीच्या परीक्षांच्या देशातले. सतराव्या वर्षी जागा पक्की झाली म्हणजे सुटलो, हे आमच्या अंगात मुरलेलं आहे. म्हणून ही दुसरी वाट आम्हाला ओळखीची वाटते, आणि ओळखीची म्हणून सुरक्षितही.

आधी पदवी आणि मग मेडिकल हा नियम अमेरिकेतही फार जुना नाही. जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल १८९३ मध्ये उघडलं तेव्हा प्रवेशासाठी पदवीची अट घातली गेली आणि ती त्या काळी जगावेगळी वाटली. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरचा अहवाल आला. हा माणूस डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता. त्याने अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल स्कूलं पाहिली. अनेक ठिकाणी त्याला फी भरेल त्याला प्रवेश देणारी दुकानंच सापडली. विज्ञानाचं निदान दोन वर्षांचं कॉलेज शिक्षण असल्याशिवाय कुणाला मेडिकलमध्ये घेऊ नये, असं त्याने बजावलं. आजची प्रीमेडची वाट तिथून रुळली.

त्याआधी काय होतं, हे आपल्याला एका मराठी मुलीमुळे माहीत आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. कॉलेजची पदवी नव्हती. १८८६ मध्ये त्या एमडी झाल्या. सतरा-अठराचं वय डॉक्टर व्हायचं ठरवायला कच्चं असतं, असं कुणी सरसकट म्हटलं की मला त्या आठवतात. मात्र चौदाव्या वर्षी त्यांचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. वैद्यकीय मदत नसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांनी वयाआधी निर्णय घेतला, पण कारण हाती आल्यावर घेतला. त्यांचं कॉलेज पुढे ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात सामावलं गेलं.

आता मुद्द्यावर येते. बीएस-एमडीच्या जागेचं मोल वाचलेल्या वर्षात नाही, असं माझं ठाम मत आहे. ते भीती टळण्यात आहे. प्रीमेडच्या मुलांची भीती मी जवळून पाहिली आहे. माझ्याकडे शॅडोइंगला, म्हणजे डॉक्टरचं काम जवळून बघायला, येणारी मुलं रुग्ण खोलीबाहेर गेला की पहिलं काय करतात? फोनमध्ये तास टिपतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी मिळाला तर चेहरे सुतकी होतात. एका मुलाला तत्त्वज्ञानाचा वर्ग घ्यायचा होता, त्याने घेतला नाही, कारण त्या प्राध्यापकांचा हात गुण देताना आखडता. वयाच्या विसाव्या वर्षी जे वाचायचं, ज्यात चुकायचं आणि ज्यावर रात्र रात्र वाद घालायचे ते सगळं जीपीएच्या धाकाने बाजूला पडतं. फ्लेक्सनरला विज्ञान समजणारा डॉक्टर हवा होता. त्याच्या नियमातून आपण गुणांचा हिशेब ठेवणारा विद्यार्थी घडवला. ही प्रीमेडची मोठी हानी आहे.

ब्राउन विद्यापीठाने १९८०च्या दशकात आठ वर्षांची योजना सुरू केली ती हे ओळखून. तिचं नावच लिबरल मेडिकल एज्युकेशन. वर्षाला साठेक मुलं हायस्कूलमधून घेतात, एमकॅट मागत नाहीत आणि पहिली चार वर्षं पूर्ण चार वर्षं ठेवतात. अपेक्षा ही, की मुलाने इतिहास वाचावा, संगीत शिकावं, शास्त्र तर शिकावंच, आणि हे सगळं जागा जाईल या धास्तीविना. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या साहित्य आणि सामाजिक शास्त्रांच्या मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि एमकॅटशिवाय जागा राखून दिल्या. २०१० मध्ये या योजनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या मुलांना स्टेप वन या परवाना परीक्षेत काहीसे कमी गुण होते, पण रुग्णांपाशी करायच्या कामात ती इतरांच्या मागे नव्हती. मानसोपचाराकडे आणि प्राथमिक आरोग्यसेवेकडे वळण्याचा त्यांचा कल जास्त दिसला. मला यात मोठा दिलासा वाटतो. भीती काढून घेतली म्हणून डॉक्टर कच्चा राहत नाही.

मग सहा-सात वर्षांच्या हिरव्या ओळींचं काय? त्या योजना भीती काढून घेतात, पण मोकळा झालेला वेळही लगेच परत घेतात. उन्हाळी सुट्ट्या वर्गात जातात, ऐच्छिक विषयांना जागा उरत नाही, मित्र एका बॅचचे आणि मुलगा दुसऱ्याच बॅचचा होतो. यातल्या काही योजना मुळात वेगळ्या गरजेतून निघाल्या, हे सांगायला हवं. कॅन्सस सिटीतल्या मिसुरी विद्यापीठाची सहा वर्षांची योजना १९७१ पासून चालू आहे. तिथे पहिल्या वर्षापासून मुलं एका ज्येष्ठ डॉक्टरच्या गटात रुग्ण बघतात. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातली १९७३ ची योजना गरीब वस्त्यांना त्यांच्यातलेच डॉक्टर मिळावेत म्हणून निघाली. या दोन्हींबद्दल मला आदर आहे. तिथे वेग कशासाठी आहे ते समजतं. आमच्या तक्त्यात मात्र वेग हाच हेतू झालेला असतो.

एका वर्षाचा हिशेब करून बघा. हायस्कूलनंतर फिजिशियन व्हायला अकरा वर्षं, जनरल सर्जनला तेरा, न्यूरोसर्जनला पंधरा. त्यातलं एक वर्ष कमी झालं तर तिशीतल्या डॉक्टरच्या आयुष्यात काय बदलतं? आजकाल मेडिकलला जाणाऱ्यांतली निम्म्याहून अधिक मुलं कॉलेजनंतर एखादं वर्ष स्वतःहून थांबतात, कुठे नोकरी करतात, मग अर्ज करतात. ती मागे पडली असं कुठलीही रेसिडेन्सी मानत नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र मला माझ्या मताला मुरड घालावी लागते. खासगी मेडिकलची नुसती शिक्षणाची फी वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढे जाते. २०२५ च्या नव्या केंद्रीय कायद्याने जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होतंय. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरवर थांबेल. ज्या घरात एका वर्षाची फी म्हणजे धाकट्या भावाचं कॉलेज, तिथे सात वर्षांची योजना निवडणाऱ्याला मी घाईचा दोष देणार नाही. पण आमच्या टेबलाभोवती बसलेल्या घराला हा प्रश्न नव्हता, आणि असा तक्ता करणाऱ्या बऱ्याच घरांना तो नसतो.

आता त्या कमी असलेल्या रकान्याकडे येते. मी स्वतः महाराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाले. प्रवेश घेतला तेव्हा मला सतरा पूर्ण होती. आमच्या बॅचमध्ये एक मुलगा होता, हुशार, बोलका. हॉस्टेलवर त्याच्या गादीखाली मराठ्यांच्या इतिहासाची पुस्तकं असायची. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याने मला कॅन्टीनमध्ये सांगितलं की वॉर्डात उभं राहिलं की त्याला श्वास कोंडल्यासारखं होतं, त्याला हे सोडायचं आहे. मी म्हटलं, "अरे, एवढी सीट मिळालीय, वेडा आहेस का?" घरच्यांनीही तेच म्हटलं. तो पास झाला. पुढे वर्षानुवर्षं त्याने नाखुशीने दवाखाना चालवला आणि माझ्याशी बोलणं हळूहळू थांबवलं. माझ्या त्या वाक्याची खंत मला आजही आहे. मिळालेली जागा सोडता येत नाही, हेच तिचं ओझं असतं.

प्रीमेडच्या वाटेचं मोठेपण इथे आहे. तिच्यावरून परतणारा मुलगा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कित्येक मुलं विषय बदलतात, कुणी सांख्यिकीकडे जातं, कुणी शिक्षकी पेशाकडे. घरी फोन होतो, थोडी नाराजी होते, संपतं. बीएस-एमडीच्या मुलाला मात्र "मिळालेलं लाथाडलं" हे ऐकावं लागतं, आणि आपल्या समाजात ते मंडळाच्या गणपतीपर्यंत ऐकावं लागतं. शिवाय योजनायोजनांत फरक असतो. काहींत दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला की राखीव जागा जाते, काहींत जात नाही. योजनाही कायमच्या नसतात: नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९६१ पासून चालवलेली नावाजलेली योजना काही वर्षांपूर्वी नवे प्रवेश घेणं बंद करून गुंडाळली.

त्या रात्री वडील फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा मी मुलीला विचारलं, रुग्णालयात काय करतेस? ती शनिवारी व्हॉलंटिअर म्हणून जाते, व्हीलचेअर ढकलते. आधी तिने तेवढंच सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, एक आजोबा होते. एक्सरेला नेताना त्यांनी कवळी काढून माझ्या हातात दिली. टिश्यूत गुंडाळलेली. परत येईपर्यंत मी ती धरून उभी होते. त्यांना सगळ्यांसमोर दात नसलेलं दिसायला नको होतं, म्हणून मी व्हीलचेअर भिंतीकडे तोंड करून लावली." तिच्या आईला हे माहीत नव्हतं. निबंधातही तिने ते लिहिलं नव्हतं. तिथे तिने एका प्रयोगशाळेतल्या आठ आठवड्यांबद्दल लिहिलं होतं, आणि ती प्रयोगशाळा वडिलांच्या ओळखीतून मिळालेली होती.

या मुलीला कारण सापडायला लागलं आहे, असं मला वाटलं. म्हणून मी तिला बीएस-एमडीला अर्ज करू नकोस असं सांगितलं नाही. पूर्ण आठ वर्षांच्या, पहिली चार वर्षं खरोखर मोकळी ठेवणाऱ्या योजनांना अर्ज कर, असं सांगितलं. त्यातलं काही मिळालं नाही तर आपल्या राज्याच्या विद्यापीठात जा, प्रीमेड कर आणि त्यात काही कमीपणा मानू नकोस. हिरव्या ओळी खोड. ज्या मुलाला असं काही सांगता येत नाही, त्याच्यासाठी माझं मत याहून कडक आहे: त्याच्यासाठी कुठलीच हमीची जागा शोधू नये. आधी एखाद्या उन्हाळ्यात नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण घेऊन वृद्धाश्रमात काम करू द्यावं.

तुमच्या घरी असा तक्ता तयार होत असेल तर अर्ज पाठवण्याआधी त्यात एक रकाना वाढवा. वर लिहा: दुसऱ्या वर्षी हिला सोडावंसं वाटलं तर काय होईल? प्रत्येक कॉलेजला हा प्रश्न विचारा आणि आलेलं उत्तर त्या ओळीत भरा. मग त्याच टेबलावर मुलीला समोर बसवून, आपल्या घराचं उत्तर काय असेल तेही तिला सांगा.