पंचविसावा गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

पेटी शिकायची हे मनात फार वर्षांपासून होते. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मुलाने पैसे भरून मोबाइलवर धडे लावून दिले. रोज सकाळी पूजा आटोपली की तांब्याला टेकवून मोबाइल उभा करायचा, डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सारेग, रेगम, गमप. शिकवणारे गुरुजी तिशीतले. पहिल्या दिवशी सवयीने मी मोबाइलला हात जोडले. सौ. हसून म्हणाली, "अहो, तो तुम्हाला ओळखतो तरी का?"

प्रश्न थट्टेतला, पण डोक्यातून जाईना. जो आपल्याला ओळखतही नाही, त्याला गुरू म्हणावे का?

आपण दत्तभक्त. उत्तर शोधायला लांब जायला नको. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात तो मराठीत विस्ताराने सांगितला. अवधूताने चोवीस गुरू केले. पृथ्वी, वारा, मधमाशी, कबुतर, कोळी. कांडताना आवाज होऊ नये म्हणून हातात एकेकच कांकण ठेवणारी कुमारी. राजाची मिरवणूक दारावरून गेली तरी ज्याला कळली नाही, तो बाण करणारा. यांपैकी कुणालाही आपण कुणाला शिकवतोय याची खबर नव्हती. मग माझा हा पंचविसावा! मी सौ.ला तसे सांगूनही टाकले.

सहा महिने गेले. एका गुरुवारी देवळातले पेटीवाले आजोबा तापाने आजारी. मंडळी म्हणाली, "तुम्ही शिकताय ना, बसा." बसलो. आरती कशीबशी झाली. मग करुणात्रिपदी सुरू झाली. टेंबेस्वामींची ती रचना म्हणताना माणसे घाईत नसतात. कुणाचा गळा दाटतो, कुणी एका शब्दावर थांबतो. मी मात्र घरी बसवलेल्या लयीत सरळ पुढे गेलो. शेवटी पेटी एकीकडे आणि मंडळी दुसरीकडे!

प्रसाद घेताना तबल्यावरचा मुलगा हळूच म्हणाला, "काका, रागावू नका, पण तुम्ही कुणाचं ऐकतच नव्हता." खरं सांगतो, राग आला. काल मिसरूड फुटलेला पोरगा मला सांगणार?

रात्री झोप लागली नाही. तेव्हा लक्षात आले की सहा महिन्यांत मला कुणी चूक म्हटलेच नव्हते. मोबाइलमधले गुरुजी मला नको तिथे थांबत, कंटाळा आला की गप्प होत, अवघड धडा मी पुढे ढकलला तरी रागावत नसत. म्हणजे ते माझे ऐकत होते, मी त्यांचे नव्हे.

बँकेत एक साधा नियम होता. ज्याने व्हाउचर लिहिले, त्यानेच ते पास करायचे नाही. कारकून कितीही प्रामाणिक असो, दुसऱ्याची सही लागतेच. कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही. पेटीच्या बाबतीत मीच लिहीत होतो आणि मीच पास करत होतो.

मग अवधूताचे काय? त्याचेही गुरू बोलत नव्हते. पण कबुतराचा मोह पाहून तो कबुतराला हसला नाही, स्वतःला तपासत राहिला. सही करणारा त्याच्या आतच जागा होता. ते वैराग्य आपल्यासारख्या संसारी माणसाजवळ कुठले? आपल्याला चूक दाखवायला समोर माणूस लागतो, आणि ते ऐकून घ्यायला मान खाली घालावी लागते. यदुही राजा असून त्या धुळीने माखलेल्या अवधूतापुढे हात जोडून उभा राहिला, हे मी आधीच्या वाचनात किती सहज ओलांडले होते!

मोबाइलचे धडे मी सोडलेले नाहीत. बोटे त्यांनीच वळवली, त्यांचे ऋण आहेच. सकाळचा नमस्कारही चालू आहे. पण आता दर बुधवारी पेटीवाल्या आजोबांकडे जाऊन बसतो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "पेटी मिटा. आधी म्हणा." सध्या मी नुसता म्हणतो.

तबल्यावरच्या त्या मुलाला अजून काही बोललो नाही. यंदा दत्तजयंतीला पेटीवर आजोबाच असतील. मी त्या मुलाशेजारी झांज घेऊन बसणार आहे. लय चुकली तर सांग, एवढे त्याला आधीच सांगून ठेवीन.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥