नंदादीपाचा खर्च

ज्याने काही घेतलेच नाही त्याच्याकडून काही मागण्याचा अधिकार समाजाला कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राचा भासला, तरी त्याचे मूळ धर्मविचारात आहे. आणि शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर तो दरसाल पावसाळ्याच्या तोंडाशी विजेच्या बिलाच्या रूपाने दारात येऊन पडतो. दिवाळी झाली की या वाड्यांतील पुष्कळ कुटुंबे मालकाची उचल घेऊन कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, घराला कुलूप, नाहीतर नुसती कडी लागते, आणि भट्ट्या विझल्या म्हणजे ती परततात. मधल्या सहा-सात महिन्यांत मीटरचा आकडा हललेला नसतो; परंतु स्थिर आकार, जो साध्या घरगुती जोडणीला आज महिना शंभर रुपयांच्या वर गेला आहे, तो महिन्यामागून महिना साचलेला असतो, त्यावर 16 टक्के वीज शुल्क चढलेले असते, आणि वीज कायद्याच्या 56 व्या कलमान्वये 15 दिवसांची नोटीस देऊन तार तोडली गेली असेल, तर ती पुन्हा जोडण्याचा खर्च निराळाच.

या आकारामागे विचारच नाही, असे मी म्हणणार नाही. खांब, तारा आणि रोहित्र ही वापराची वाट न पाहता उभी ठेवावी लागतात. माळशेजच्या वाऱ्यापावसात तार तुटली, तर त्या रात्री खांबावर चढणाऱ्या वायरमनचा पगार युनिटांच्या संख्येवर अवलंबून नसतो. म्हणूनच 2003 च्या वीज कायद्याच्या 45 व्या कलमाने प्रत्यक्ष विजेच्या किमतीखेरीज स्थिर आकार घेण्यास मुभा दिली. आपल्या परंपरेलाही ही कल्पना परकी नाही. मनुष्य ऋण घेऊनच जन्मतो, असे ती सांगत आली आहे: देवांचे, ऋषींचे, पितरांचे, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांच्या ऋणाचीही भर घातली आहे. ही ऋणे उपभोगाच्या मापाने मोजलेली नाहीत. केवळ माणसांत जन्मलो, इतरांनी जपलेल्या जगात डोळे उघडले, एवढ्यानेच ती अंगावर येतात. वाडीपर्यंत आलेली तार हे या मनुष्यऋणाचेच आजचे रूप आहे, असे कोणी म्हटले तर ते मला मान्य आहे.

पण ऋण मान्य केल्यावर त्याच्या फेडीचा नियमही मान्य करावा लागतो, आणि तो नियम यथाशक्ति असा आहे. दान असो, व्रताचे उद्यापन असो, अथवा पुरोहिताची दक्षिणा असो, संकल्पात यथाशक्ति हा शब्द येतो तो शिष्टाचार म्हणून नव्हे. त्याच्यावाचून धर्मकृत्य ही श्रीमंतांची मिरासदारी झाली असती. राजाच्या कराचीही मूळ कल्पना षड्भागाची होती: पिकाचा सहावा हिस्सा, म्हणजे जेथे पीक नाही तेथे हिस्साही नाही. विनोबांनी 1951 पासून भूदान मागितले, तेव्हा सरसकट अमुक एकर असे न म्हणता षष्ठांशच मागितला. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र चालते त्याच्या बिलात शे-सव्वाशे रुपये दिसतही नाहीत, आणि ज्याच्या घरी दोन दिवे जळतात त्याच्या बिलात तेच विजेच्या किमतीहून अधिक भरतात. दोघांकडून समान रक्कम घेतली म्हणून समत्व साधले, असे समजणे ही धर्मबुद्धीची फसगत आहे.

याला उत्तर म्हणून दारिद्र्यरेषेखालील वर्गाचे स्वस्त दर पुढे केले जातात. ही सोय खरी आहे आणि तिच्यामागील हेतूही चांगला आहे. परंतु तिची अट पाहावी. वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांप्रमाणे मंजूर भार 0.1 किलोवॅटच्या आत आणि वर्षाचा वापर 360 युनिटांच्या आत असावा लागतो. आता 75 वॅटचा एक पंखा दिवसाकाठी 12 तास आणि 9 वॅटचे दोन दिवे 5 तास, असे बारा महिने चालले, तर हिशेब 361 युनिटांवर जातो. एका पंख्याचे आणि दोन दिव्यांचे घर रेषेच्या पलीकडे पडते. आणि एकदा ही मर्यादा ओलांडणारा ग्राहक, पुढे त्याचा वापर कितीही घटला तरी, मूळ वर्गात परत येऊ शकत नाही, असाही त्या अटीचा भाग आहे. ज्या शास्त्रांना आपण कठोर म्हणतो त्यांनीसुद्धा महापातक्याला प्रायश्चित्ताची वाट ठेवली. तापाने फणफणलेल्या पोरासाठी रात्रभर पंखा लावणाऱ्या बाईला ती वाट नसावी, हे मला असह्य वाटते.

सामायिक दिव्याचा खर्च कोणी सोसावा, याचे एक उत्तर याच मुलखात शतकानुशतके चालत आले. देवळातील नंदादीप कोणी दर्शनाला येवो न येवो, जळत ठेवावा लागे. तेल आणि वात यांचा खर्च तर खराच स्थिर होता. तो दर्शनास येणाऱ्यांवर दरडोई बसवला नाही. त्यासाठी दिवाबत्तीचे इनाम असे, सनद असे, जमिनीच्या उत्पन्नातून नेमणूक असे. म्हणजे सतत जळत राहण्याचा भार सरकारजमा आणि सधन दाते यांच्यावर, आणि देवापुढे ठेवायचे ते ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे. त्या व्यवस्थेत जातिभेदाचा घोर अन्याय होता, याच कातकऱ्याला त्या देवळाची पायरी बंद होती, हे विसरून तिचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. खर्चाची तिने केलेली वाटणी मात्र अधिक शहाणपणाची होती.

शिवाय ऋणाचा हिशेब मांडायचाच, तर तो दोन्ही रकान्यांत मांडावा. शहापूर तालुक्यातील तानसा 1892 पासून मुंबईची तहान भागवीत आहे; भातसा धरणाने पुढे त्याहून मोठा भार उचलला, आणि त्याच्या पायथ्याशी 15 मेगावॅटचे जलविद्युत केंद्रही आहे. त्याच तालुक्यातील पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते. ज्यांच्या डोंगरांवरचा पाऊस महानगराच्या नळाला येतो, त्यांच्या नावावर थकबाकी दाखवताना त्यांचे येणे कोणत्या खात्यावर लिहिले आहे, हे कोणी तरी सांगितले पाहिजे.

इंग्रजी अमदानीत जमीनमहसूल रोख आणि तीस-तीस वर्षांसाठी ठरलेला असे, आणि त्याच्या जाचाने कुणबी सावकाराच्या दारात गेला; परंतु त्या सरकारलाही आणेवारी पाहून तहकुबी आणि सूट द्यावी लागे. तीच रीत येथे लावता येईल. भट्टीवर निघण्यापूर्वी कुटुंबाने ग्रामपंचायतीत नोंद करावी, तलाठ्याने वा ग्रामसेवकाने दाखला द्यावा, घर बंद असल्याच्या महिन्यांचा स्थिर आकार माफ व्हावा, आणि तेवढी रक्कम राज्याने आपल्या अर्थसंकल्पातून महावितरणला भरून द्यावी. तार तोडण्याची नोटीसही कुलूप लागलेल्या दारावर न चिकटवता कुटुंब परतल्यावर त्याच्या हाती द्यावी, म्हणजे ते 15 दिवस त्याला खरोखर मिळतील.