निळी खूण

खोटं बोलायला पूर्वी निदान तोंड उघडावं लागायचं. फोन वाजला की आम्ही चिरंजीवांना पुढं करायचो, "सांग, बाबा घरी नाहीत." पाप बापलेकांत वाटून जायचं. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर मेसेज वाचल्याची निळी खूण आली आणि आमची पंचाईत झाली. पण ती बंद करायची सोयही मागोमाग आलीच. (मग दुसऱ्यानं आपला मेसेज वाचला का, हेही कळत नाही. एवढा न्याय त्यांनी राखलाय.) मी ती सोय केव्हाच करून घेतली.

परवा एका जुन्या मित्राचा मेसेज आला, "उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. सोबत येतोस का?" उद्याच नेमकी मॅच! मी वाचला आणि फोन पालथा ठेवला. आता सांगा, यात खोटं बोललं कोण? धर्मराजानं 'कुंजरो वा' निदान पुटपुटलं तरी होतं, तरीही त्याचा चार बोटं अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. माझी तर जीभही हलली नाही.

चार दिवसांनी स्वारी काळा चष्मा लावून दारात. "अरे, तू वाचलंच नसशील. आमच्या हिला मी म्हटलं, वाचलं असतं तर तो आलाच असता."

मी म्हटलं, "चहा घेतोस ना?"