दोष पाहावा, पण कशासाठी?

ज्याची टाळू जन्मतः दुभंगलेली, त्याचे बोलणे पुष्कळदा गेंगाणे येते. मंडळीत कोणी त्यास हसतात. कोणी दया म्हणून काही ऐकूच आले नाही असे दाखवितात. ह्या दोहोंत खरी प्रीती आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही.

वाचातज्ज्ञ काय करितो ते पाहू. म, न उच्चारताना वारा नाकातून जातोच. परंतु प, ट, क म्हणताना मऊ टाळूने वर उचलून ती वाट बंद करावयाची असते. म्हणून तो मुलाच्या नाकाखाली थंड आरसा धरून त्यास 'पापा' म्हणावयास सांगतो. आरशावर वाफ धरली, तर वारा नाकातून निसटतो असे समजते. मग मूल 'ई' म्हणत असता तो नाक दाबतो व सोडतो. स्वर पालटला, तर तीही तीच खूण. वाट बंदच होत नसेल, तर बहुधा शस्त्रक्रिया लागते. जडलेली चुकीची सवय मात्र अभ्यासाने सुटते.

तो आईस दोष देत नाही. तिने ग्रहणात विळी धरली म्हणून टाळू फाटली, हा समज खोटा आहे. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूनेही त्यास किंवा त्याच्या आईबापांस दोषी ठरविले नाही.

तर दोष पाहणे हे पाप नव्हे. पाहून हसणे, किंवा पाहूनही स्वस्थ बसणे, हे पाप होय. अशा मुलास इस्पितळात न्या, आणि तोवर त्याची प्रार्थना धीराने ऐका.